पहिल्या खेपेला चार मिनिटं

आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे आणि तिथपर्यंत १२८ पायऱ्या आहेत. अकरा वर्षं मी त्या रोज चढत आले. कुणी विचारलं की "तेवढाच व्यायाम" म्हणायची, आणि लोक वर कौतुकही करायचे. खरं कारण नवरा आणि ताई सोडून कुणाला माहीत नव्हतं. लिफ्टचं दार बंद झालं की माझ्या छातीवर कुणीतरी येऊन बसतं. घरी न्हाणीघराची कडी मी लावत नाही. गाडीत मागच्या सीटवर मधे बसत नाही. अशा भीतीबरोबर माणूस सगळं आयुष्य काढू शकतो, फक्त रोज थोडं वाकडं चालावं लागतं आणि थोडं खोटं बोलावं लागतं.

मग डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली.

९ जानेवारीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. ऐकण्याची तपासणी काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोक्यात झाली. दार किंचित उघडं ठेवाल का, असं मी विचारलं. "मग बाहेरचा आवाज येईल ना," असं म्हणून त्या मुलीने दार लावलं. काचेतून तिचा चेहरा दिसत होता म्हणून दहा मिनिटं निभावली. डाव्या कानाचं ऐकणं कमी झालेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, एकाच बाजूला असं झालं असेल तर ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना एवढं पाहून घ्यावं लागतं, बहुतेक वेळा काही निघत नाही, एमआरआय करून घ्या.

माणसाचं मन कसं असतं पाहा. 'गाठ' हा शब्द मी ऐकलाच नाही. मला ऐकू आलं ते फक्त 'एमआरआय'. गाठ असली तर देव पाहून घेईल, असं मी अगदी सहज म्हणू शकत होते. नळीत जायचं म्हटल्यावर मात्र देव कुठे आठवेना.

तपासणीची वेळ १६ जानेवारीची मिळाली. त्याआधी रक्त तपासून क्रिएटिनिन पाहावं लागतं, कारण शिरेतून जे औषध देतात ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तो रिपोर्ट त्या केंद्राच्या नियमाप्रमाणे एक महिन्याच्या आतला हवा. ही गोष्ट मला पुढे महागात पडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पैसे आगाऊ भरायचे होते आणि औषधाचे वेगळे. ते नुसत्या चौकशीत कुणी सांगत नाही, मुद्दाम विचारावं लागतं.

सोळा तारखेला दोन पानी फॉर्म भरला. हृदयात पेसमेकर आहे का, मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, कानात बसवलेलं यंत्र आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, गरोदर आहात का. सगळीकडे 'नाही'. शेवटी 'बंद जागेची भीती वाटते का' असा प्रश्न होता. तिथेही मी 'नाही' लिहिलं. खोटं लिहायची सवय होतीच, शिवाय लिहिलं तर भीती खरी ठरेल असं वाटलं.

मग अंगावरचं सगळं काढायचं. अंगठी, कानातलं, केसांच्या पिना, हुक असलेले कपडे. गळ्यातला क्रूसही. बाप्तिस्म्याला आईने दिलेला, नखाएवढा. तो काढताना हात अडखळला. "सोन्याचा आहे हो," मी म्हटलं. "सोन्याचा असला तरी काढायचा," तंत्रज्ञ म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, कडीत दुसरा कुठला धातू आहे हे त्याला काय माहीत. क्रूस लॉकरमध्ये घड्याळाशेजारी ठेवला. गळा एकदम उघडा वाटला.

आत यंत्र होतं ते भिंतीएवढं, मधे गोल भोक. पाठीवर झोपवलं, कानांत बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा दाबल्या आणि वरून चेहऱ्यावर एक पिंजरा बसवला. हातात रबरी फुगा दिला, घाबरल्यास दाबा म्हणून. पाट आत सरकला. डोळे उघडे होते, ही माझी घोडचूक. नाकापासून वीतभर अंतरावर पांढरं छत.

मी पवित्र शास्त्रातलं, दाविदाचं तेविसावं स्तोत्र म्हणायला लागले. लहानपणापासून पाठ, रविवारच्या शाळेत त्यासाठी बक्षीसही मिळालेलं. हिरवी कुरणं झाली, संथ पाणी झालं, आणि मग आली मृत्युछायेची दरी. तो शब्द मनात उच्चारला आणि तिथेच अडकले. मृत्यू, छाया, दरी. पुढची ओळच येईना. त्याच क्षणी यंत्राने ठोकायला सुरुवात केली. मी फुगा दाबला. एकदा नाही, सोडलाच नाही.

बाहेर आले तेव्हा घड्याळात चार मिनिटं झाली होती. अंग घामाने ओलं. तंत्रज्ञ रागावला नाही, फक्त म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." भरलेल्या पैशांतले निम्मेच परत मिळाले, बाकीचे वेळ वापरली म्हणून कापले. काउंटरवर ते ऐकताना मला रडू आलं आणि पैशांसाठीच रडतेय असं दाखवणं सोयीचं गेलं.

अठरा तारखेला रविवार होता. उपासनेनंतर माझ्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना झाली, कारण ताईने पाळकसाहेबांच्या कानावर घातलं होतं. प्रार्थना संपल्यावर एक मावशी जवळ आल्या, हात धरला आणि म्हणाल्या, "देवाने आपल्याला भीतीचा आत्मा दिलेला नाही, बाळा. विश्वास कमी पडतोय कुठेतरी." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुढचे तीन दिवस मला दोन ओझी होती: भीती, आणि भीती वाटते म्हणून अपराधी वाटणं. दुसरं जास्त जड होतं.

आपल्या मंडळ्यांतल्या साक्षींचाही, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलेल्या अनुभवांचाही, यात वाटा आहे असं मला वाटतं. साक्ष देणारा म्हणतो, मी घाबरलो होतो, गुडघे टेकले आणि प्रभूने शांती दिली. टाळ्या. मधला भाग कुणी सांगत नाही. गुडघे टेकल्यावर पुन्हा उठून किती वेळा फेऱ्या मारल्या, रात्री कितीदा पाणी प्यायलं, ते गळून जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, इतरांचं पटकन होतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

एकवीस तारखेला पाळकसाहेब घरी आले. मी मावशींचं वचन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून २ तीमथ्य १, म्हणजे पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय, माझ्याकडेच वाचायला दिला, सातवं वचन आणि लगेच आठवं. पौल तुरुंगात आहे आणि तरुण तीमथ्याला सांगतोय की प्रभूविषयी साक्ष द्यायची लाज धरू नकोस. "इथे मूळ ग्रीक शब्द भित्रेपणासाठीचा आहे," ते म्हणाले, "विषय सुवार्तेचा आहे, लिफ्टचा नाही. आणि भित्रेपणा वेगळा, भीती वाटणं वेगळं. धरून नेण्याआधी गेथशेमानेच्या बागेत प्रार्थना करताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो. त्याचा विश्वास कमी होता का?"

मग जरा थांबून म्हणाले, "मध्यरात्रीनंतर फोन वाजला की माझे हात गार पडतात. वीस वर्षं झाली. उचलतो, पण गार पडतात." वीस वर्षं उपदेश देणाऱ्या माणसाकडून हे ऐकणं मला त्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडलं.

त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. शास्त्रात 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक, असं आपण कितीदा ऐकतो. मी मोजायला बसले. तेवढं काही भरत नाही. भाषांतर बदललं की आकडा मागेपुढे होतो, पण ३६५ च्या आसपाससुद्धा जात नाही. मोजता मोजता दुसरंच काही दिसलं. हे शब्द कुणाला सांगितले जातात? रानात पाणी संपलेल्या हागारेला, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, वादळात सापडलेल्या पौलाला. म्हणजे जे आधीच भ्यालेले आहेत त्यांना. निर्भय माणसाला देवदूत काय सांगणार? आणि पौलाला 'भिऊ नको' सांगितलं तरी जहाज फुटायचं ते फुटलंच. त्यावर २७६ माणसं होती, सगळी किनाऱ्याला लागली. कुणी पोहत, कुणी फळ्या धरून. फळ्या धरून, हे मला फार आवडलं.

माझी फळी म्हणजे समुपदेशक. हे पाळकसाहेबांनीच सुचवलं. "दात दुखला तर प्रार्थना करून दाताच्या डॉक्टरकडे जातेसच ना." २८ जानेवारीपासून दर बुधवारी, पाच बैठका. पहिल्या बैठकीत बाईंनी मला भीतीची शिडी करायला लावली: सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सगळ्यात अवघड गोष्टीपर्यंत, प्रत्येकीपुढे ० ते १० मधला आकडा. माझ्या शिडीवर न्हाणीघराची कडी ३, रिकामी लिफ्ट ६, भरलेली लिफ्ट ८, एमआरआय १०. त्यांनी समजावलं की घाबरण्याची लाट चढते, माथ्यावर येते आणि आपोआप उतरते. मी प्रत्येक वेळी माथ्यावर असतानाच पळून जाते, म्हणून ती उतरताना मी कधी पाहिलेलीच नाही. मेंदूची समजूत झालेली की पळाले म्हणून वाचले.

मग घरचा अभ्यास. कडी लावून दोन मिनिटं, मग पाच. टेबलाखाली झोपून पाच मिनिटं, मग दहा. चेहऱ्यावर भाजी निथळायची चाळणी ठेवून. हे चाललेलं असताना मुलगा शाळेतून आला आणि काही न विचारता निघून गेला. इंटरनेटवर यंत्राचे आवाज मिळतात, ते कानाला लावून टेबलाखाली. लिफ्ट आधी एक मजला, ताई सोबत. मग एकटी. ११ फेब्रुवारीला तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले, पाय लटपटत होते. १३ ला परत पायऱ्याच चढले. प्रगती सरळ रेषेत होत नाही, आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या घसरणीला सगळं सोडून द्याल.

बाईंचा विश्वास वेगळा, त्यांना शास्त्राशी काही देणंघेणं नाही. पण चौथ्या बैठकीत त्यांनी विचारलं, तुम्ही नळीत काय म्हणत होतात? मी स्तोत्र म्हणून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "पहिल्या ओळींत तुम्ही 'तो' म्हणालात, नंतर 'तू' झालं. असंच आहे का?" मी घरी येऊन पाहिलं. खरंच. तो मला कुरणात बसवतो, तो मला चालवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. आणि दरीत उतरल्याबरोबर, 'तू माझ्याबरोबर आहेस'. चाळीस वर्षं पाठ असलेलं स्तोत्र, आणि दाविदाने दरीत पाऊल टाकताच बोलण्याची दिशा बदलली हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी ज्या शब्दाशी अडकून फुगा दाबला होता, त्याच्या पुढच्याच ओळीत 'तू' होतं. एक ओळ आधी बाहेर आले.

यानंतर माझी प्रार्थना बदलली. आधी मी मागायचे, प्रभू, भीती काढून टाक. आणि भीती गेली नाही की तो ऐकत नाही असं वाटायचं. छप्पन्नाव्या स्तोत्रात दावीद तसं मागत नाही. भीती वाटेल तेव्हा भरवसा ठेवीन म्हणतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी. तेवढी छोटी ओळ मी घेतली, कारण माथ्यावर असताना लांब काही आठवत नाही.

दुसरी वेळ ४ मार्चची. क्रिएटिनिनचा रिपोर्ट महिन्याबाहेर गेलेला, ते पुन्हा. या वेळी केंद्र बदललं, आधी फोन करून विचारलं की यंत्राचं तोंड किती रुंद आहे. साधारण ६० सेंटिमीटरचं असतं, काही ठिकाणी ७० चं असतं. दहा सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, झोपल्यावर पुष्कळ. गुंगीचं औषध देऊ का असंही विचारलं होतं. त्यासाठी उपाशी राहावं लागतं, सोबत माणूस लागतं, नंतर गाडी चालवता येत नाही. मी नको म्हटलं, ते केवळ शिडी चढून पाहायची होती म्हणून. घेतलं असतं तर त्यात कमीपणा नव्हता. देवावर भरवसा आहे म्हणून औषध नको, हे मला पटत नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंच की.

सकाळची पहिलीच वेळ मागून घेतली, म्हणजे बाहेर बसून इतरांचे चेहरे पाहावे लागत नाहीत. फॉर्मवर 'बंद जागेची भीती: हो' लिहिलं आणि काउंटरवर तोंडानेही सांगितलं. एवढं सांगितल्यावर सगळंच वेगळं झालं. तंत्रज्ञ मुलगी होती. तिने आधी यंत्र दाखवलं, दोन्ही बाजूंनी उघडं आहे हे वाकून पाहायला लावलं, प्रत्येक टप्प्याआधी किती मिनिटांचा आहे ते सांगायचं कबूल केलं. ताईलाही आत येऊ दिलं. तिलाही तोच फॉर्म भरावा लागला आणि दागिने काढावे लागले. ती पायाशी बसली, माझा घोटा धरून. क्रूस या वेळी घरूनच काढून ठेवला होता.

डोळ्यांवर कापडाची घडी ठेवली, पाट सरकण्याच्या आधी. हे विसरू नका.

पहिला टप्पा दोन मिनिटांचा. दुसरा तीन. 'ठक ठक' नंतर 'घर्र', मग भोंग्यासारखं काहीतरी. तेविसावं स्तोत्र सावकाश, श्वास सोडताना एकेक ओळ असं म्हटलं की माझं साधारण एक मिनिट होतं, म्हणजे तीन वेळा म्हटलं की दुसरा टप्पा संपला. योना माशाच्या पोटात तीन दिवस होता, तिथे मोजायला काय होतं कोण जाणे.

चौथा टप्पा साडेपाच मिनिटांचा. मधेच नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. हात हलवायचा नाही. त्या खाजेवरून भीती आली, सरळ आठवर. जीभ कोरडी, बोटं फुग्यावर घट्ट. स्तोत्र गेलं, ओळ गेली, सगळं गेलं. राहिला एकच शब्द. तू. मी तेवढंच म्हणत राहिले, श्वास सोडताना, तू, तू, तू. प्रकाश वगैरे काही दिसला नाही. शांती उतरली असंही म्हणणार नाही. पण मी बोलत होते आणि बोलणं कुणाकडे तरी जात होतं, एवढं नक्की. घोट्यावर ताईचा अंगठा फिरत होता. आणि मग, बाईंनी सांगितलं होतं तसं, लाट उतरली. आठ, सहा, पाच. मी पहिल्यांदा ती उतरताना पाहिली. हे देवाने केलं की शरीराने, असं मला नंतर एका मैत्रिणीने विचारलं. शरीर त्यानेच घडवलंय, त्यामुळे मला दोन हिशेब ठेवायची गरज वाटत नाही.

पाट एकदा बाहेर आला, दंडात औषध दिलं, हातातून गार ओघळ वर गेल्यासारखा वाटला, आणि परत आत दोन टप्पे. एकूण बत्तीस मिनिटं. उठले तेव्हा ताई रडत होती, मी नाही. मला फक्त नाक खाजवायचं होतं.

रिपोर्ट घ्यायला ७ मार्चला गेले. गाठ नाही, नस ठीक आहे. शिट्टी अजून वाजते. डॉक्टर म्हणाले, काहींची राहते, रात्री पंख्याचा आवाज असू द्या. ऑफिसला लिफ्टने जाते, आठवड्यातून तीनचार दिवस. फार गर्दी असली तर अजून पुढची येऊ देते.

त्या दिवशी रिपोर्टची वाट पाहत बसले होते तेव्हा शेजारच्या खुर्चीवर साठीचे एक काका फॉर्म घेऊन बसले होते. पेन हातात, लिहीत मात्र काही नव्हते. माझ्या हातातलं मोठं पाकीट पाहून विचारलं, "झालं वाटतं तुमचं? आत अंधार असतो का हो?"

"नाही काका, उजेड असतो. आवाज मात्र भरपूर."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"पहिल्या खेपेला चार मिनिटांत बाहेर आले होते."

ते हसले आणि खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेतली. मी शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे खरं ते लिहा, मग ते लोक सांभाळून घेतात. त्यांनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं, 'थोडी वाटते'. जरा वेळ त्याकडे पाहिलं. मग 'थोडी' खोडलं.